तलावावरच्या गळवाल्यांची मोजणी आणि मुलाखती: या चुका टाळा

ठाण्यात तीसहून अधिक तलाव आहेत. त्यातल्या बऱ्याच तलावांच्या काठावर कुणी ना कुणी गळ टाकून बसलेलं असतं. खाडीपलीकडे नवी मुंबईत गावतळी आहेत, सिडकोचे होल्डिंग पॉन्ड (पावसाचं पाणी साठवायचे, खाडीला दारांनी जोडलेले तलाव) आहेत, तिथेही तेच. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना किंवा तलाव वाचवायला निघालेल्या मंडळींना कधी तरी प्रश्न पडतोच: या तलावातून गळाने नेमके किती मासे निघतात?

उत्तर काढायची पद्धत जुनी आहे, तिला क्रील सर्वे म्हणतात. तिचे दोन भाग. गळवाल्यांची मोजणी करून तलावावर एकूण किती मनुष्यतास मासेमारी झाली ते काढायचं, मुलाखती घेऊन तासाला किती मासे लागतात ते काढायचं, आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. समजा दिवस बारा तासांचा धरला, दोन वेळा मोजलं आणि एकदा ८, एकदा १४ माणसं दिसली. सरासरी ११, म्हणजे दिवसभरात १३२ मनुष्यतास. मुलाखतींतून ताशी ०.४ मासा निघाला, तर त्या दिवशी सुमारे ५३ मासे निघाले. हिशोब सातवीतला आहे. बिघडतं ते दुसरीकडेच: तलावावर कधी जायचं, कुणाला मोजायचं आणि कुणाशी बोलायचं हे आपण आपल्या सोयीने ठरवतो तिथे.

सोयीची वेळ

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सकाळी सातला जायचं, कारण नंतर कॉलेज असतं. गळवालेही सकाळीच जास्त असतात. मग ती भरगच्च संख्या दिवसाच्या तासांनी गुणली की दुपारी बाराच्या उन्हातही तेवढीच माणसं काठावर बसलेली आहेत असं कागदावर होतं. मोजणीची वेळ चिठ्ठी टाकून ठरवा, आणि ती आदल्या आठवड्यातच. सूर्योदय ते सूर्यास्त हा दिवस धरा, त्याचे सकाळ आणि दुपार असे दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यातली मोजणीची वेळ चिठ्ठीने काढा. इथे दिवस डिसेंबरात अकरा तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा, तेव्हा वर्षभर बारानेच गुणत बसू नका. रात्री दिवा लावून बसणारेही काही तलावांवर असतात. त्यांना मोजणार नसाल तर अहवालात तसं स्पष्ट लिहा.

पाऊस आहे म्हणून फेरी रद्द करणं हीसुद्धा सोयच. चिठ्ठीत आलेल्या दिवशी धो धो पाऊस असेल आणि काठावर चिटपाखरू नसेल, तर तक्त्यात ० लिहा. ते शून्य कष्टाने मिळवलेलं आहे, त्याची किंमत रविवारच्या वीस माणसांइतकीच. दिवस पुढे ढकलला तर वर्षाच्या हिशोबात पावसाळाच गायब होतो.

वार, श्रावण आणि गटारी

पाठ्यपुस्तकं कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस असे दोन गट करा म्हणतात. ते कराच, पण आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. वागळे इस्टेटमधल्या किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्याची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही, आणि पाळीचा कामगार कुठल्याही वारी दुपारी मोकळा असू शकतो. त्यात बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्यांची घरं भरपूर. गळाला लागलेला मासा घरी शिजणार नसेल, तर त्या दिवशी गळ टाकायला येणारे किती आणि नुसता वेळ घालवायला येणारे किती, हे तपासून पाहण्यासारखं आहे. सुरुवातीचे काही आठवडे सातही वारांना मोजून बघा आणि मग गट पाडा.

श्रावणाचं गणित आणखी गमतीचं. आषाढ अमावास्येच्या, म्हणजे गटारीच्या आधीच्या रविवारचा आकडा महिन्याच्या सरासरीत मिसळू नका, तो वेगळा ठेवा. काठावर उत्तर भारतीय मंडळी बरीच असतील तर त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो हेही लक्षात असू द्या. विसर्जनाच्या दिवशी काठ अडवलेला असतो, तेव्हा तो दिवस सरळ बाजूला काढा आणि का काढला ते लिहा.

होल्डिंग पॉन्डवर घड्याळ चालत नाही

नवी मुंबईचं सर्वेक्षण करणारे ठाण्याचा तक्ता जसाच्या तसा तिकडे नेतात, आणि तिथेच फसतात. होल्डिंग पॉन्ड खाडीला जोडलेले आहेत, त्यातलं पाणी भरती-ओहोटीशी बांधलेलं. गळवाले पाणी फिरायच्या वेळेला दारांपाशी गोळा होतात, घड्याळाच्या वेळेला नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे सोमवारी सकाळी आठला गजबजलेली जागा शुक्रवारी आठला ओस दिसू शकते, आणि 'मासे कमी झाले' असा निष्कर्ष निघतो.

यातला खरा सापळा मात्र एक आड एक रविवारचा. दर चौदा दिवसांनी जायचं हे वेळापत्रक फार सोयीचं वाटतं. पण उधाण ते उधाण हे अंतर पावणेपंधरा दिवसांचं. चौदा दिवसांनी गेलात की जवळजवळ त्याच भरतीला पुन्हा पोचता. पहिल्या रविवारी उधाण असेल तर पुढचे दोन-तीन महिने तुम्ही उधाणाच्या आसपासच घुटमळत राहता, भांगाचे, म्हणजे कमी चढउताराच्या भरतीचे दिवस वाट्यालाच येत नाहीत. आकडे सुंदर, सुसंगत येतात आणि एकाच बाजूचे असतात. यावर उपाय म्हणजे पंचांग उघडायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस हा एक गट, अष्टमीच्या आसपासचे दुसरा, आणि दोन्हींतून चिठ्ठीने दिवस काढायचे. कोळीवाड्यातल्या कुणाही जाणत्या माणसाला विचारलंत तर तो पंचांगाशिवायच सांगेल.

गोड्या पाण्याच्या तलावाला या भानगडीची गरज नाही.

मोजता मोजता गप्पा

मोजणी आणि मुलाखत एकाच फेरीत उरकायचा मोह सगळ्यांना होतो. काठाने चालत निघायचं, दिसेल त्याला मोजायचं आणि बोलायचंही. पण तुम्ही वडाखालच्या काकांशी वीस मिनिटं बोलत असता तेव्हा पलीकडच्या काठावर दोन माणसं येतात आणि तीन निघून जातात. तुमची मोजणी मग कुठल्याच क्षणाची राहत नाही. शिवाय जिथे माणसं जास्त तिथे मुलाखती जास्त, म्हणून चाल मंदावते आणि घोळ वाढतो.

आधी मोजणी संपवा. तलाव लहान असेल तर सगळा काठ दिसेल अशी एक-दोन ठिकाणं शोधा आणि दुर्बिणीने पाच मिनिटांत मोजून मोकळे व्हा. ठाण्याच्या उपवन तलावासारख्या झाडीच्या काठावर एका जागेवरून सगळं दिसत नाही, तिथे न थांबता एक फेरी मारा. कुठून सुरू करायचं आणि कुठल्या दिशेने जायचं ते दर वेळी नाणं उडवून ठरवा. नाही तर चहाच्या टपरीपासून सुरुवात होते, रोजच.

मोजायचं कुणाला, हे घरून ठरवून या. ज्याचा गळ या क्षणी पाण्यात नाही पण जो आमिष लावतोय, गुंता सोडवतोय, तो गळवालाच. शेजारी बसलेला मित्र नुसता बघतोय, तो नाही. बापाच्या मांडीवरचं पोर काठी धरून असेल तर? माझं मत, पोर स्वतःच्या काठीने मासे धरत असेल तरच मोजा. काहीही ठरवा, पण सगळ्या मोजणाऱ्यांनी एकच ठरवा. आणि काठ्या मोजू नका, माणसं मोजा. तीन मित्र पाच काठ्या लावून दोन तास बसले, तर ते सहा मनुष्यतास होतात. दोन नाहीत, दहाही नाहीत. काठ्यांची संख्या हवी असेल तर वेगळा रकाना करा. जाळं किंवा पाग टाकणारे दिसले तर त्यांचाही वेगळा रकाना. तलाव मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलेला असेल तर त्यांची पकड गळाच्या हिशोबात घुसली की सगळंच बिनसतं.

'तुम्ही पालिकेकडून आलात का?'

हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र अशी दोन पोरं समोर उभी राहिली की गळवाल्याच्या मनात पहिला प्रश्न हाच. दुसरा, ठेकेदाराचा माणूस आहे का. काही काठांवर मनाईचे फलक असतात, तिथे तर माणूस पिशवी मागे सरकवूनच बोलायला लागतो. म्हणून पहिलं वाक्य ठरलेलं असावं: काका, आम्ही कॉलेजकडून आलोय, नाव-पत्ता काही नको, पाच मिनिटं बोलाल का? नाव विचारूच नका, मोबाइल नंबर तर मुळीच नको. समोरचा हिंदी बोलणारा असेल तर प्रश्न हिंदीत तयार ठेवा. आयत्या वेळी केलेलं भाषांतर प्रत्येक जण वेगळं करतो, आणि 'आज' विचारायच्या ऐवजी 'आमतौर पर' विचारलं की उत्तरच बदलतं.

नेहमी किती मिळतात, हा प्रश्न टाळाच. त्याचं उत्तर माणूस सर्वांत चांगल्या रविवारवरून देतो. विचारा: आज किती वाजता बसलात? आतापर्यंत किती लागले? किती ठेवले, किती सोडले? आणि मग, पिशवी दाखवता का? डोळ्यांनी पाहिलेले मासे एका रकान्यात, सांगितलेले दुसऱ्यात. सोडलेले, मांजराला टाकलेले, शेजाऱ्याला दिलेले मासे पिशवीत दिसणार नाहीत, ते विचारल्याशिवाय कळत नाहीत. चिलापीच्या बोटभर पिल्लांना बरेच जण मासा म्हणूनच धरत नाहीत. 'काही नाही लागलं' म्हणणारा पाच, दहा, पंधरा असे गोल आकडे सांगणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा. पण आपली मुलं रिकाम्या पिशवीवाल्याला सोडून गर्दी जमलेल्या यशस्वी माणसाकडे धावतात, आणि ताशी पकड फुगते. दर तिसऱ्या माणसाशी बोलायचं ठरलं असेल तर तिसराच, मग तो तोंड वाकडं करून का बसला असेना. कुणी नकार दिला तर नकाराचीही नोंद करा.

माशांची ओळख तलावावरच करून घ्या. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं असतं, रोहूचे ओठ झालरीसारखे. लांबी मोजताना थोबाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे आधी ठरवा. चिलापीच्या शेपटीला खाच नसते, रोहू-कटल्याच्या असते, म्हणून सगळ्यांची पूर्ण लांबी घेणं सोपं. वजन अंदाजाने लिहू नका.

अर्धवट फेरीचा आकडा

काठाने फिरत मुलाखती घेता तेव्हा माणूस अजून बसलेलाच असतो, त्याची फेरी, म्हणजे त्या दिवशीची मासेमारी, संपलेली नसते. त्यातून दोन गोष्टी होतात. एक, जास्त वेळ बसणारे तुम्हाला जास्त भेटतात. दहा तासांच्या दिवसात पाच जण एकेक तास आणि पाच जण पाच-पाच तास बसले, तर अवचित दिसणाऱ्या दर सहा जणांत तासभरवाला सरासरी एकच असतो, जरी ते निम्मे आहेत. म्हणून 'गळवाला सरासरी किती वेळ बसतो' हे अशा मुलाखतींवरून थेट सांगू नका.

दुसरी गोष्ट भागाकाराची. फिरत्या मुलाखतीत प्रत्येकाची ताशी पकड वेगळी काढून त्यांची सरासरी घेतात. पण नुकताच आलेला माणूस ती सरासरी उधळून लावतो. एकाला दहा मिनिटांत दोन मासे लागले, म्हणजे ताशी बारा. बाकी तिघांना दोन तासांत एकेक, म्हणजे ताशी अर्धा. चौघांची सरासरी ३.४ च्या आसपास, आणि त्या तलावावर असं कधी घडत नसतं. अर्ध्या तासापेक्षा कमी बसलेल्यांना या सरासरीतून वगळायची रीत आहे, ती पाळा. उलट तलावाला एकच फाटक असेल आणि तुम्ही निघणाऱ्यांशी फाटकावर बोलत असाल, तर फेरी पूर्ण झालेली असते. तिथे सगळ्यांचे मासे मिळवा, सगळ्यांचे तास मिळवा आणि एकदाच भागा. या दोन रीतींची खिचडी एका तक्त्यात करू नका.

महिन्याचा हिशोब

आठ दिवस गेलात, चार कामाचे आणि चार सुट्टीचे. कामाच्या दिवसाची सरासरी ६० मनुष्यतास, सुट्टीची १८०. आठांची मिळून सरासरी १२०, गुणिले तीस, म्हणजे ३६००. पण महिन्यात कामाचे दिवस २२ आणि सुट्टीचे ८. २२ गुणिले ६० आणि ८ गुणिले १८०, बेरीज २७६०. तीस टक्क्यांचा फरक नुसत्या सरासरीच्या आळसातून आला. आणि एका रविवारी चाळीस मुलाखती घेतल्या म्हणून आकडा पक्का होत नाही. खरा चढउतार दिवसादिवसांत असतो, चाळीस मुलाखती घेऊनही तुमच्या हातात दिवस एकच आहे. मनुष्यबळ कमी असेल तर मुलाखती कमी करा, दिवस वाढवा.

आकडे विचित्र आले तर

मुलाखतीत दहा जण पाचच्या आधी आल्याचं सांगतात आणि साडेपाचच्या मोजणीत सहाच माणसं आहेत, असं झालं तर आधी मोजणाऱ्याची जागा तपासा. बहुतेक वेळा झुडपामागचा एक कोपरा सुटलेला असतो. दोन मोजणाऱ्यांना एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता मोजायला लावा, फरक लगेच दिसेल. एकाच मुलाच्या तक्त्यात ताशी पकड इतरांच्या दुप्पट येत असेल तर तो कुणाची निवड करतो ते बघा. तक्त्यात रिकामे रकाने असतील तर ते शून्य आहे की विचारलंच नाही, हे त्याच दिवशी संध्याकाळी तक्ता भरणाऱ्याला विचारा. दोन दिवसांनी त्यालाही आठवत नाही, आणि तो हमखास शून्य सांगतो.