फ्रान्सचा खाणकामगार पुढारी एमिल बास्ली, त्याच्यावर गोव्याच्या खाणपट्ट्यात, डिचोलीत बोलायचंय? मग असं करा

जन्मतारखेपासून सुरू करू नका हां, लोक पेंगतात. डायरेक्ट 1884 च्या, उत्तर फ्रान्समधल्या आंझँच्या कोळसा खाणीतल्या संपावर या, 56 दिवस चाललेला, आणि त्याचा पुढारी बास्ली म्हणजे जुना कोळसा खाणकामगार, तेव्हा बार चालवायचा (बार म्हटलं की गोव्यात कान टवकारतातच), पुढच्याच वर्षी थेट फ्रान्सच्या संसदेत. मग 1891 चा आरासचा करार, मालक आणि युनियन एका टेबलावर, इथे वेळ घ्या, खाणी बंद पडलेल्या बघितलेल्यांना हेच ऐकायचं असतं. फक्त तिथे जमिनीखालचा कोळसा, आपल्याकडे उघड्यावरचं लोहखनिज, एवढं क्लिअर करा. 1906 च्या कुरिएर खाण दुर्घटनेत 1,099 जण गेले, ते आवाज न चढवता सांगा. लांस शहराचं त्याचं महापौरपद, 1900 ते 1928, शेवटी पटकन.