इंग्रजीत 'स्मार्ट' वापरताना या चुका टाळा

लग्नाच्या जाहिरातीत 'स्मार्ट वधू पाहिजे' असं छापलेलं असतं, तेव्हा मुद्दा दिसण्या-वावरण्याचा असतो. शाळेत बाई 'पोरगा स्मार्ट आहे' म्हणतात, तेव्हा डोक्याचा. मराठीत आपलं अडत नाही. इंग्रजी लिहायला बसलं की घोळ होतो.

मोठी चूक म्हणजे वाचणारा कुठला आहे हे न पाहणं. अमेरिकेत स्मार्ट म्हणजे मुख्यतः हुशार. ब्रिटनमध्ये हा अर्थ आता कळतो, पण 'यू लुक व्हेरी स्मार्ट' असं तिथे कुणी म्हटलं तर ती कपड्यांची तारीफ असते. मुळात हा शब्द बुद्धीचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ झोंबणं, ठणकणं. पुढे तो चपळ, तल्लख, टापटीप अशा अर्थांनी रुळला. जुना अर्थ अजून जिवंत आहे : धुराने डोळे चुरचुरले की 'माय आइज आर स्मार्टिंग' म्हणतात. परीक्षेच्या उताऱ्यात हे वाक्य आलं की चांगली मुलंही अडखळतात, म्हणून ते मुद्दाम शिकवायला हवं.

'ओव्हरस्मार्ट' हा शब्द आपल्याकडे सर्रास चालतो, पण परदेशी माणसाला तो खटकेल. आगाऊ शहाण्याला तिकडे 'स्मार्ट अ‍ॅलेक' म्हणतात, ब्रिटिश माणूस 'टू क्लेव्हर बाय हाफ' म्हणेल. आणि साहेब 'डोन्ट गेट स्मार्ट विथ मी' म्हणाले तर आभार मानू नका. उलट बोलू नकोस, असं ते बजावत आहेत.

'स्मार्ट माइंड' कानाला बरोबर लागत नाही. तिथे 'शार्प माइंड' हवं. मात्र 'शार्प प्रॅक्टिस' म्हणजे कायद्याच्या काठावरची लबाडी. 'क्लेव्हर'मध्येही कधी कधी चलाखीची छटा येते, त्यामुळे शिफारसपत्रात 'इंटेलिजंट' बरा. त्याहून बरं म्हणजे विद्यार्थ्याने काय केलं ते एका वाक्यात लिहिणं. स्वतःच्या बायोडेटातून तर 'स्मार्ट' काढूनच टाका, त्याने कुणाचीच खात्री पटत नाही.

व्याकरणाचं थोडक्यात : 'मोर स्मार्ट' नको, 'स्मार्टर' लिहा. 'स्मार्ट इन मॅथ्स'ऐवजी 'गुड अ‍ॅट मॅथ्स' म्हणा.