कमी खर्चातल्या कुंगफू चित्रपटाची डिस्क कशी पारखावी

१९७०च्या दशकात शॉ ब्रदर्ससारख्या बड्या स्टुडिओंच्या बाहेर, हाँगकाँग आणि तैवानमधल्या लहान निर्मात्यांनी तुटपुंज्या भांडवलावर ढिगाने कुंगफू चित्रपट काढले. सेट जेमतेम असत, चित्रीकरण पुष्कळदा माळावर, नदीकाठी किंवा एखाद्या देवळाच्या आवारात उरकले जाई, आणि निर्मात्याची खरी पुंजी असे ती नटांच्या अंगातले कसब. म्हणून अशा चित्रपटाची डीव्हीडी किंवा ब्लू-रे हाती आली की सर्वांत आधी हे पाहावे, की ती झुंज जशी खेळली गेली तशी, पूर्ण चौकटीत आणि मूळ वेगात, आपल्यापर्यंत पोहोचते आहे का. चित्र किती लखलखीत आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

सुरुवात चौकटीपासून करावी. यांतले पुष्कळ चित्रपट २.३५ : १ अशा रुंद प्रमाणात चित्रित झाले होते. व्हिडिओ कॅसेटच्या काळात जुन्या ४ : ३ टीव्हीचा पडदा भरावा म्हणून त्यांच्या कडा कापल्या गेल्या, आणि त्यात सुमारे ४३ टक्के चित्र नाहीसे झाले. स्वस्त डीव्हीडींवर बऱ्याचदा तीच कापलेली प्रत उतरवलेली असते. ती ओळखायला वेळ लागत नाही. गुरू अंगणाच्या डाव्या टोकाला पवित्रा घेऊन उभा आहे, प्रतिस्पर्धी उजव्या टोकाला आहे, आणि आपल्याला दिसते ते मधले रिकामे अंगण. मग डावीकडून एक मूठ आत येते, पण ती कोणाची आणि कोणाला लागली हे कळेपर्यंत दृश्य संपलेले असते. हाँगकाँगच्या चित्रगृहांतील प्रिंटवर चिनी आणि इंग्रजी उपशीर्षके चित्रातच छापलेली असत. अशा ओळींचे पहिले आणि शेवटचे शब्द तुटलेले दिसले, तर कडा कापल्या गेल्याचा तो पक्का पुरावा समजावा. चौकट पूर्ण असली तरी डीव्हीडीबाबत आणखी एक खात्री करावी. एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) डीव्हीडीच्या ४८० ओळींपैकी, चित्र ॲनामॉर्फिक पद्धतीने, म्हणजे साठवताना आडवे आवळून आणि दाखवताना पुन्हा रुंद करून, साठवले असेल तर सुमारे ३६३ ओळी प्रत्यक्ष चित्राला मिळतात; तसे नसेल तर जेमतेम २७२ मिळतात आणि उरलेल्या काळ्या पट्ट्यांत वाया जातात.

वेगाचा मुद्दा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि परीक्षणांत त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ सुट्या चित्रांनी, चालतो, तर पाल (भारत आणि युरोपातली टीव्ही पद्धत) पद्धतीची डीव्हीडी २५ चौकटींनी. त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित बारीक होतो. कौटुंबिक कथेत हा फरक सहज खपून जाईल. कुंगफूच्या चित्रीकरणात मात्र मारामारी अधिक चपळ दिसावी म्हणून कॅमेरा मुळातच थोडा हळू चालवलेला असे, आणि दिग्दर्शकाने मोजूनमापून घेतलेल्या त्या वेगावर आणखी चार टक्के चढले की ठोशांचा ताल बिघडतो. याहून वाईट म्हणजे पालवरून एनटीएससीत घाईने केलेले रूपांतर. ते पकडण्यासाठी एखाद्या उंच लाथेवर चित्र थांबवावे आणि एकेक चौकट पुढे न्यावी. चांगल्या प्रतीत पाय वेगामुळे थोडा पुसट दिसेल, पण एकच दिसेल. वाईट प्रतीत एकाच माणसाला दोन अर्धपारदर्शक पाय दिसतात, कारण शेजारच्या दोन चौकटी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

आता चित्राचा पोत. फिल्मवरचे बारीक दाणे हा दोष मानू नये. ते सगळे पुसून टाकले की चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसू लागतात. या चित्रपटांसाठी एक खास कसोटी आहे. फटका बसल्याचे प्रेक्षकाला कळावे म्हणून नटांच्या कपड्यांवर पूड भुरभुरलेली असे, आणि छातीवर तळवा आदळला की धुळीचा छोटा लोट उठे. हा लोट शोधावा. सफाईचे सॉफ्टवेअर पुष्कळदा त्यालाच कचरा समजून पुसते. मग ठोसा लागतो, आवाज होतो, पण अंगावरून काहीच उडत नाही. धूळ शाबूत असेल आणि प्रिंटवर चार ओरखडे उरले असतील, तर ती प्रत मी आनंदाने स्वीकारेन. एकाच डीव्हीडीवर चार-चार चित्रपट कोंबलेले असले तर मात्र आशा ठेवू नये. एका थराच्या डिस्कमध्ये ४.७ जीबी एवढीच जागा असते, आणि जलद हालचालींत चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागतात.

रंगांसाठी म्हाताऱ्या गुरूची पांढरी दाढी आणि तरुण शिष्याची काळी वेणी पाहावी. दाढी गुलाबी दिसली तर प्रत विटलेल्या प्रिंटवरून घेतली आहे, आणि वेणी निळसर दिसली तर अलीकडे कोणीतरी रंगांशी खेळले आहे, असे बहुधा समजावे.

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, असणे योग्यच आहे, कारण चित्रपट तसेच बनले होते. ५.१ चा, म्हणजे सभोवताली ठेवलेल्या अनेक स्पीकरांसाठीचा, नवा मिश्रित आवाज असेल तर मूळ मोनोही सोबत दिला आहे का, हे तपासावे. नव्या मिश्रणात फटक्यांचे जुने, करकरीत आवाज बदलून टाकल्याची उदाहरणे आहेत. हे चित्रपट बहुतेक मूक चित्रित करून नंतर ध्वनिमुद्रित केले जात, त्यामुळे ओठ आणि शब्द न जुळणे हा डिस्कचा दोष नाही. मँडरिन (चिनी भाषा) आणि इंग्रजी हे दोन्ही पर्याय असावेत. उपशीर्षकांची परीक्षा घेण्यासाठी एकच प्रसंग आधी मँडरिनमध्ये इंग्रजी उपशीर्षकांसह पाहावा आणि मग इंग्रजी डबिंगमध्ये ऐकावा. शब्दन् शब्द सारखा निघाला, तर प्रकाशकाने चिनी संवादांचे भाषांतर करून न घेता डबिंगच उतरवून काढले आहे.

मागवण्यापूर्वी रिजन कोड, म्हणजे डिस्क कोणत्या भूभागातल्या प्लेअरवर चालेल हे सांगणारी खूण, पाहावा. भारत डीव्हीडीसाठी ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी सी मध्ये येतो. अमेरिकेतल्या आवृत्त्या १ आणि ए, ब्रिटनमधल्या २ आणि बी, तर हाँगकाँगमधल्या ३ आणि ए अशा असतात.

शेवटी चित्रपट पूर्ण आहे का, हे पाहावे. पाल डिस्कची लांबी आधी २५ ने गुणून २४ ने भागावी आणि मगच मूळ लांबीशी ताडावी, म्हणजे अख्ख्या प्रतीवर कात्रीचा आळ येणार नाही. ब्रिटनमध्ये जेम्स फर्मन सेन्सॉर मंडळाचे प्रमुख असताना नन्चाकूची (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांच्या शस्त्राची) दृश्ये कापली जात, त्यामुळे तिथल्या जुन्या प्रतींवर विशेष नजर ठेवावी. माझ्याकडे एका प्रकाशकाची अशी डीव्हीडी आहे की तिच्यातली शेवटची झुंज शिष्य उडी घेतो तिथे तुटते आणि पुढच्याच क्षणी खलनायक जमिनीवर पडलेला असतो. वेष्टनावर मात्र ‘संपूर्ण आवृत्ती’ असे ठळक छापले आहे. याउलट काही प्रकाशक मूळ निगेटिव्हमध्ये नसलेला भाग जुन्या कॅसेटवरून घेऊन जोडतात, आणि त्या मिनिटभरात चित्र एकदम भुरकट, रेघाळ होते. परीक्षणात या बदलाची नोंद जरूर करावी, पण त्यासाठी गुण कापू नयेत. त्या भुरकट मिनिटात शिष्याची उडी आहे आणि ती कुठे उतरते हेही आहे.