उताराला आडवे पेरायचे, पण रेषा कशी आखायची?

वळवाची एखादी सर पडून गेली की उघड्या रानात खाली बसून पाहा. छोट्या खड्यांखाली मातीचे बुटके खांब उभे दिसतील. खड्याच्या आडोशाने तेवढी माती वाचली, भोवतालची गेली. खांबाची उंची म्हणजे वाहून गेलेला थर. एकरभर रानातून १ मिलिमीटर थर गेला तर ४ घनमीटर, म्हणजे जवळपास दीड ब्रास माती गेली. त्यातही बारीक कण आणि सेंद्रिय अंश आधी जातात, खडे मागे राहतात. खालच्या तलावात साचलेला तोच गाळ पुढे भाडे मोजून रानात परत आणायचा, हा उलटा धंदा.

थेंबांच्या माराने ढेकळे फुटतात, बारीक कण छिद्रे बुजवतात, वर पापडी धरते आणि पाणी मुरायचे थांबते. त्यात पेरणी उताराच्या दिशेने उभी असेल तर प्रत्येक तास, म्हणजे पेरणीची ओळ, ही आयती नाली. ट्रॅक्टरची वळणे वाचतात म्हणून उभे तास धरतात. डिझेल वाचते, रान जाते.

म्हणून पेरायचे ते समपातळी रेषेवर, म्हणजे उताराला आडव्या, सगळीकडे एकाच उंचीवरून जाणाऱ्या रेषेवर. ती आखायला ए-फ्रेम, म्हणजे A अक्षराच्या आकाराचा बांबूचा सांगाडा, पुरते. २ मीटरचे दोन सरळ बांबू वरच्या टोकाला बांधा आणि खालची टोके २ मीटर फाकवा. निम्म्या उंचीवर सव्वा मीटरचा आडवा बांबू घट्ट आवळा. गाठ सैल राहिली तर पुढचे सगळे माप चुकते. शेंड्यावरून दोरीला दगड असा सोडा की तो आडव्या बांबूच्या खाली लोंबेल.

आता खूण. फ्रेमचे पाय टेकतात तिथे दोन खुंट्या ठोका आणि दोरी आडव्या बांबूवर जिथे येते तिथे रेघ मारा. पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर पुन्हा टेकवा, दुसरी रेघ मारा. दोन्हींचा मध्य ही खरी खूण. वारा असेल तर दगड झुलतो; सकाळी लवकर आखणी करा.

उताराच्या मध्यावरून सुरुवात करा. मागचा पाय खुंटीवर ठेवून पुढचा वर-खाली सरकवा, दोरी खुणेवर आली की तिथे खुंटी. ढेकळावर किंवा खळग्यात पाय टेकवू नका. शेवटी चार-दोन खुंट्या थोड्या हलवून वळण सौम्य करा, नाहीतर पेरणीची पाभर वळणार नाही. मग फक्कीने रेघ ओढा. पेरणी, कोळपणी, वखरणी सगळे हिला धरूनच. बांध घालायचे असतील तर ३ टक्के उतारावर दोन बांधांत साधारण ३० मीटर अंतर धरतात.

हे झाले हलक्या-मध्यम जमिनीचे. भारी काळ्या रानात पाणी तुंबून पीक पिवळे पडते, बांधही भेगाळून फुटतो. तिथे रेषेला किंचित ढाळ हवा. मधली खूण पक्की झाल्यावर एका पायाखाली अर्ध्या सेंटिमीटरची लाकडी पट्टी ठोका आणि पाणी जिकडे काढायचे तिकडे तोच पाय पुढे ठेवून चाला. इथे फ्रेम फिरवायची नाही, उचलून पुढे न्यायची. फिरवलीत तर ढाळ एकाआड एक उलटा पडतो. ही रेषा गवत धरलेल्या ओहोळातच सोडा, उघड्या मातीत सोडली तर तिथे घळ पडते.

जुना ओघळ आडवा आला तर तो मातीने बुजवू नका. पाणी तिथे येणारच आणि बांध तिथेच फुटणार. तेवढ्या भागात दगड रचून सांडवा ठेवा, त्याचा माथा बांधापेक्षा कमी उंच, आणि खाली पाणी पडते तिथेही दगड अंथरा. पहिल्या मोठ्या पावसानंतर रेषेवरून चालत जा: पाणी एकाच जागी साचून वरून गेले असेल तर ती खुंटी खाली लागली होती, तेवढा तुकडा पुन्हा आखा.