दिवाळी अंकाचं फोल्डर बाहेरच्यांना देताना

आमच्या दिवाळी अंकाचं सगळं काम गूगल ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात चालतं. लेख, जाहिरातींचे दर, मानधनाचा तक्ता, सगळं तिथेच. यंदा मुद्रितशोधक आणि चित्रकार दोघेही बाहेरचे. त्यांना लेख हवे होते, दर दिसायला नको होते.

मुख्य फोल्डर शेअर केलं की आतली फोल्डरंही आपोआप उघडी होतात. म्हणून ‘बाहेरचे’ नावाचं फोल्डर मुख्य फोल्डरच्या आत न ठेवता शेजारी वेगळं केलं आणि लागतील तेवढ्याच फायली त्यात हलवल्या. लिंक कुणालाही उघडेल असं न ठेवता दोघांचे ईमेल पत्ते घातले. मुद्रितशोधकांना संपादनाचा हक्क, चित्रकाराला फक्त पाहण्याचा. सेटिंगमधली ‘संपादकांना इतरांशी शेअर करता येईल’ ही खूण काढली. ती आधीपासूनच असते, आणि सहसा कुणी तिकडे बघत नाही!

तरी एक लेख लॉगिन न करताही खाजगी विंडोत उघडत होता. कारण सापडायला वेळ लागला. त्या फाइलची लिंक गेल्या वर्षी कुणीतरी सर्वांसाठी खुली केली होती. फोल्डर बंद असलं तरी फाइलला स्वतंत्रपणे दिलेली परवानगी तशीच राहते. मग प्रत्येक फाइल उघडून तपासली. कंटाळवाणं काम, पण पर्याय नव्हता.

परवानगीला मुदत घालायची सोय आमच्या फुकट खात्यात नाही. त्यामुळे अंक छापायला गेला त्याच दिवशी दोघांची नावं हाताने काढली.