प्रथिनं अंगी लागतात की जळून जातात? नत्राचा ताळेबंद असा मांडा

शरीरात ऊर्जेची कोठारं दोनच. एक ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं: यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅम. दुसरं चरबीचं, ते कित्येक किलोंचं. एटीपी, म्हणजे पेशी प्रत्यक्ष वापरतात तो ऊर्जेचा रेणू, हा साठा नव्हेच. जोरात पळताना स्नायूंतलं एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल, म्हणून ते सतत नव्यानं बनत राहतं. प्रथिनांना तर कोठारच नाही. गरजेपेक्षा जास्त झालेल्या अमिनो आम्लांतला (प्रथिनांच्या घटकांतला) नत्र, म्हणजे नायट्रोजन, यकृतात युरिया बनतो आणि लघवीवाटे जातो. उरलेला कार्बनी सांगाडा जळतो, किंवा त्याची साखर नाहीतर चरबी होते. म्हणजे लघवीतला युरिया मोजला, की किती प्रथिनं मोडली गेली याचा अंदाज येतो. खाल्लेल्या नत्रातून बाहेर गेलेला नत्र वजा केला, की नत्राचा ताळेबंद मिळतो. त्यासाठी एका दिवसाची सगळी लघवी जमा करून तपासायची, हीच ती चाचणी.

चाचणीआधी चार-पाच दिवस रोजचं खाणं सारखं ठेवा. आहार अचानक बदलला, तर यकृतातली विकरं (एन्झाइम) जुळवून घ्यायला काही दिवस घेतात आणि मधल्या काळातला आकडा फसवतो. चाचणीच्या दिवशी प्रत्येक पदार्थ वजन करून खा आणि प्रथिनांची बेरीज ग्रॅममध्ये लिहून ठेवा. ‘एक वाटी’, ‘दोन चमचे’ असल्या नोंदी इथे चालत नाहीत.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहा. त्यानंतरची प्रत्येक लघवी प्रयोगशाळेनं दिलेल्या डब्यात जमा करा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीसुद्धा. डबा थंड जागी ठेवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: एखादी लघवी जमा करायची राहते, युरिया कमी भरतो आणि ताळेबंद उगाच फायद्यात दिसतो. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजून घ्या. स्नायूंतून येणारं हे द्रव्य रोज जवळपास सारखंच बाहेर पडतं. प्रौढ पुरुषांत ते दिवसाला दर किलो वजनामागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, स्त्रियांत १५ ते २० मिलिग्रॅम असतं (वय वाढलं की कमी). खूपच कमी आलं, तर नमुना अपुरा समजा आणि पुन्हा सुरुवात करा.

आता गणित. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो, म्हणून खाल्लेल्या प्रथिनांना ६.२५ नं भागा. समजा ७० ग्रॅम प्रथिनं खाल्ली, तर नत्र ११.२ ग्रॅम. लघवी १.६ लिटर आणि त्यात युरिया नायट्रोजन लिटरला ५ ग्रॅम, तर ८ ग्रॅम बाहेर गेला. त्यात ४ मिळवा. शौच, त्वचा, केस आणि लघवीतली इतर नत्रयुक्त द्रव्यं यांसाठीचा हा ठोकताळा आहे. ११.२ वजा १२, म्हणजे उणे ०.८ ग्रॅम. ६.२५ नं गुणलं की दिवसाला ५ ग्रॅम प्रथिनांची तूट.

अहवालात ‘युरिया’ लिहिलंय की ‘युरिया नायट्रोजन’, हे आधी पाहा. नुसता युरिया असेल तर ०.४६७ नं गुणा, नाहीतर नत्र दुपटीहून जास्त दिसेल. जुलाब, भाजणं, जखमेतून स्राव किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर ४ ग्रॅमचा ठोकताळा किंवा हे सूत्रच लागू पडत नाही. तो हिशोब डॉक्टरांवर सोडा.

एक-दीड ग्रॅमचा फरक मोजण्यातल्या चुकीतूनही येतो, त्यावरून आहार बदलू नका. चाचणी पुन्हा करा. तरीही ताळेबंद उणे राहिला, तर बहुतेक जण लगेच प्रथिनं वाढवतात. ते आमच्या मते घाईचं. निरोगी प्रौढाला दर किलोमागे ०.८३ ग्रॅम मिळत असतील, तर आधी एकूण उष्मांक आणि कर्बोदकं तपासा. ग्लायकोजेन संपत आलं, की मेंदूला लागणारी साखर यकृत अमिनो आम्लांपासूनही बनवू लागतं, आणि वाढवलेली प्रथिनं त्याच वाटेनं जातात. कर्बोदकं वाढवून आठवडाभर तोच आहार ठेवा, मग पुन्हा मोजा. युरिया उतरला, तर प्रथिनं नव्हे, इंधन कमी पडत होतं.