टॅबलेटसाठी वेगळे ॲप हवे का, हे कसे ठरवावे

सावदा-रावेरकडच्या केळी व्यापाऱ्याने आपल्या संकेतस्थळाचे टॅबलेट ॲप करून घेण्यापूर्वी एक फुकटची तपासणी करावी: संगणकावरील ब्राउझरची खिडकी ७६८ पिक्सेलपर्यंत, म्हणजे २०१० साली आलेल्या पहिल्या आयपॅडच्या उभ्या पडद्याइतकी, अरुंद करून भावाचा तक्ता पाहावा. तक्ता उजवीकडे कापला जात असेल, किंवा टॅबलेटवर बोट ‘आजचा भाव’वर ठेवताना शेजारचे ‘कालचा भाव’ दाबले जात असेल, तर दोष मांडणीचा आहे आणि तो सीएसएसच्या (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेच्या) मीडिया क्वेरीने, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या नियमाने, दूर होतो. त्यासाठी ॲप करणे म्हणजे दार करकरते म्हणून घर पाडण्यासारखे आहे.

टॅबलेटवरून किती लोक येतात, हेही मोजावे. मात्र २०१९ च्या आयपॅडओएस १३ (आयपॅडची कार्यप्रणाली) पासून आयपॅडवरील सफारी ब्राउझर स्वतःची ओळख सहसा मॅक संगणक म्हणून देत असल्याने हा आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसू शकतो.

अक्राणीच्या पाड्यावर नेटवर्क नसताना नोंदी घ्यायच्या असतील, तरी लगेच ॲपकडे धावू नये, कारण सर्व्हिस वर्करच्या (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) साहाय्याने संकेतस्थळही ऑफलाइन चालवता येते (ॲप बनवून विकणारा हे क्वचितच आपणहून सांगतो). आयपॅडला ब्लूटूथ वजनकाटा जोडायचा असेल, किंवा पडदा बंद असतानाही ट्रकचे स्थान नोंदवायचे असेल, तर मात्र ॲपच करावे. त्यासाठी ॲपलची नोंदणी दरवर्षी ९९ डॉलर आणि गूगल प्लेची एकदाच २५ डॉलर पडते. खरा खर्च पुढच्या दुरुस्त्यांचा असतो, म्हणून त्याचा वार्षिक दर कामापूर्वीच लेखी घ्यावा.